स्टुटगार्टची नोकरी, चिंचवडचा दवाखाना

माझा नवरा चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीत अभियंता आहे आणि मी चिंचवडला दातांचा दवाखाना चालवते. २०२५च्या उन्हाळ्यात त्याला कंपनीच्या स्टुटगार्टजवळच्या मुख्य कार्यालयात नोकरीचा प्रस्ताव आला. ही दोन-तीन वर्षांची प्रतिनियुक्ती नव्हती. इथला राजीनामा देऊन तिथल्या करारावर आणि तिथल्या पगारावर रुजू व्हायचे होते. वर्षाला ६४ हजार युरो, तीस दिवसांची भरपगारी रजा, सामान हलवण्याचा खर्च आणि होकार-नकार कळवायला सप्टेंबरअखेरची मुदत, एवढा मजकूर त्या दीड पानी पत्रात होता.

पुण्याच्या वाहन उद्योगातल्या घरांना स्टुटगार्ट परके नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरे आहेत हे फारसे कोणाला ठाऊक नसते, पण बॉश आणि मर्सिडीजचे ते गाव आहे हे चाकणला टपरीवर चहा पिणाऱ्या पोरालाही माहीत असते. त्यामुळे प्रस्तावाची बातमी फुटताच अभिनंदनाचे फोन सुरू झाले. निर्णय काय असणार याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. जावेसे आम्हा दोघांनाही वाटत होते, हे आधीच सांगून टाकते. चाकणच्या रस्त्यावर रोज येऊन-जाऊन तीन तास गाडीत काढणारा नवरा घरी येतो तेव्हा मी संध्याकाळच्या रुग्णांत असते आणि मी दवाखाना बंद करून वर येते तेव्हा मुलगा झोपलेला असतो. जर्मनीत धातू आणि वाहन उद्योगातल्या कामगार संघटनेच्या करारात आठवड्याला ३५ तास काम ठरलेले आहे, आजारपणात पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि रविवारी दुकानेसुद्धा बंद असतात, हे ऐकले की मोह पडतोच. नवऱ्याची कंपनी त्या करारात नव्हती, त्याच्या पत्रात चाळीस तास लिहिले होते. तरीही ते चाळीस तास खरोखरच चाळीस असतात, असे तिथले सहकारी शपथेवर सांगत होते.

पगाराचा आकडा युरोच्या भावाने गुणण्यात काही अर्थ नाही. गुणाकार साठ लाखांच्या पुढे जातो आणि माणसाचे डोके चालेनासे होते. आम्ही एका रविवारी दुपारी वही घेऊन बसलो आणि तिथला पैसा तिथेच खर्च करून पाहिला. पती-पत्नींपैकी एकच कमावत असेल तर त्याला करात मोठी सवलत देणारा तिसरा करवर्ग मिळतो. तो धरून आणि निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी व शुश्रूषा या चार विम्यांचे हप्ते वजा जाता हातात महिन्याला सुमारे ३,७०० युरो येत होते. मुलासाठी सरकारकडून २५५ युरो मिळाले असते आणि माझा व मुलाचा आरोग्य विमा त्याच हप्त्यात भागला असता, ही फार मोठी गोष्ट आहे. त्यातून स्टुटगार्टच्या आसपास तीन खोल्यांच्या घराचे हीटिंगसह भाडे दीड हजाराच्या घरात. शिवाय मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत, आणि पुष्कळदा घरात स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो, तो आपणच बसवून घ्यायचा. घरात टीव्ही असो वा नसो, प्रसारण शुल्क म्हणून दरमहा १८.३६ युरो द्यावेच लागतात. ही रक्कम क्षुल्लक आहे, पण नवऱ्याला सर्वांत जास्त राग याच कलमाचा आला. किराणा, वीज, प्रवास आणि वर्षातून एकदा भारतात येण्याची तिकिटे धरून महिन्याला सात-आठशे युरो मागे पडले असते. पुण्यात आमची दोघांची मिळून शिल्लक जवळपास तेवढीच आहे. म्हणजे राहणीमान निश्चित सुधारले असते, पण पैशाच्या दृष्टीने तिकडे जाण्याचा फायदा मी कमावू लागल्यानंतरच सुरू होणार होता.

आणि मी कधी कमावू लागणार, हे आम्हाला तोपर्यंत कोणी विचारलेले नव्हते. ब्लू कार्ड म्हणजे परदेशी उच्चशिक्षितांना मिळणारा काम आणि वास्तव्याचा परवाना. तो घेणाऱ्याच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करायला मुभा असते, व्हिसासाठी त्याला जर्मन भाषेची परीक्षासुद्धा लागत नाही, एवढ्यावर सगळेजण खूश असतात. पण दंतवैद्यकासारख्या व्यवसायात ही मुभा कागदावरच राहते. तिथे दाताला हात लावायचा तर राज्य सरकारचा व्यवसाय परवाना लागतो आणि स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो स्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनाकडून मिळतो. त्यासाठी आधी सर्वसाधारण जर्मन बी-टूपर्यंत (भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत चढत जातात), मग दंतवैद्यांच्या मंडळाकडे सी-वन पातळीची व्यावसायिक भाषा परीक्षा: वीस मिनिटे रुग्णाशी संवाद, वीस मिनिटे लेखी नोंद, वीस मिनिटे दुसऱ्या डॉक्टरशी चर्चा. त्यानंतर माझी बीडीएसची पदवी तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहिली जाणार, उणीव निघाली की ज्ञानाची परीक्षा द्यायची. तिच्यात कृत्रिम डोक्यातल्या दातांवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, आणि नापास झाल्यास ती फक्त दोनदा पुन्हा देता येते. दरम्यान दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, तोही जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

कागदपत्रांची यादी मी छापून दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून गुणपत्रकांचा उतारा, आंतरवासितेचा दाखला, राज्य दंत परिषदेकडून माझ्याविरुद्ध काही कारवाई नसल्याचे प्रमाणपत्र, आणि हे प्रमाणपत्र तीन महिन्यांपेक्षा जुने नको. सर्वांत नडणारे कलम विषयवार तासांचे होते: कृत्रिम दंतशास्त्राचे व्याख्यानांचे तास किती, प्रयोगशाळेचे किती, रुग्णांवर काम केल्याचे किती, असे प्रत्येक विषयाचे कोष्टक महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी हवे होते आणि तेही मी शिकले त्या वर्षीच्या अभ्यासक्रमानुसार. गेली पंधरा वर्षे मी रोज रूट कॅनॉल करते आहे. ते मी महाविद्यालयात किती तास शिकले, हे मला आता सांगता येणार नाही. कामावर असलेल्या बाईंना मी तो कागद दाखवला, तेव्हा त्यांनी विचारले, "मॅडम, एवढं सगळं तुम्ही परत शिकणार?" त्यांना मी हसून काहीतरी उत्तर दिले.

नवऱ्याच्या एका माजी सहकाऱ्याची पत्नीही दंतवैद्य आहे आणि लुडविग्सबुर्गजवळ राहते. तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले, ते दीड तास चालले. तिकडे जाऊन चार वर्षे झाल्यावर ती एका दवाखान्यात सहायक म्हणून नोकरी करत होती, भाषा परीक्षा उत्तीर्ण झाली होती आणि ज्ञानाच्या परीक्षेची तारीख मिळण्याची वाट पाहत होती. तिने कुठलीही तक्रार केली नाही. उलट मुलांना मोकळे वाढता येते, रात्री साडेनऊला एकटीने ट्रेनने घरी येताना मागे वळून पाहावे लागत नाही, हे तिने मनापासून सांगितले. आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा असतो आणि झाडला नाही तर खालच्या मजल्यावरच्या आजी दारावर चिठ्ठी लावतात, हेही हसत हसत सांगितले. मी शेवटी थेट विचारले की पुन्हा ठरवायचे असते तर गेली असतीस का. ती म्हणाली, "ताई, मी गेले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि माझा दवाखाना नव्हता. तुमचं गणित वेगळं आहे. दुसऱ्याच्या हाताखाली सक्शन धरून उभं राहायची तयारी आहे का, एवढंच आधी ठरवा."

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. खुर्ची, एक्स-रे आणि आतल्या दुरुस्तीसाठी काढलेले कर्ज नुकतेच फिटले होते. सक्शन धरायची माझी तयारी होती, हे मी खरे सांगते. कामाला कमीपणा मानणाऱ्या घरात मी वाढलेले नाही. तयारी नव्हती ती तीन-चार वर्षे एकाच पगारावर घर चालवण्याची, कारण तो पगार ज्या उद्योगातून येणार होता त्या उद्योगाच्या बातम्या चांगल्या नव्हत्या. सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफ कंपनीने २०२८पर्यंत जर्मनीतल्या चौदा हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे २०२४मध्येच जाहीर केले होते आणि आमची मुदत संपायला आठवडाही उरला नसताना बॉशने आणखी १३ हजारांचा आकडा दिला. नव्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत परिविक्षा (प्रोबेशन) असते आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येते. बेरोजगारी भत्ता मिळायला आधी बारा महिने हप्ते भरलेले असावे लागतात. आपल्याकडे नोकरी गेली तर माझा दवाखाना चालू असतो. तिथे नवऱ्याची नोकरी गेली असती तर घरात दुसरा पैसा नव्हता आणि राहण्याचा परवानाही त्याच नोकरीला बांधलेला होता.

मुलाचा प्रश्न आम्ही लवकर मिटवला, कदाचित गरजेपेक्षा लवकर. तो पाचवीत होता. तिथे चौथीनंतरच शाळांचे प्रकार वेगळे होतात आणि भाषा न येणारी मुले आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसतात, म्हणजे तो कोणत्या शाळेत पडेल हे भाषा किती लवकर येते यावर अवलंबून राहिले असते. मुले भाषा पटकन शिकतात असे प्रत्येकाने सांगितले. ते खरेही असेल. त्याला स्वतःला विचारले तेव्हा त्याने फक्त तिथे क्रिकेट खेळतात का एवढेच विचारले.

सासू-सासरे आमच्याजवळ राहतात. १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांनाही कायमचे बोलावता येते, अशी तरतूद जर्मनीने केली आहे, हे वाचून मला आनंद झाला होता. पुढची अट वाचल्यावर तो ओसरला: त्यांचा पूर्ण आरोग्य विमा आपण दाखवायचा, आणि सरकारी योजनेत त्यांना घेत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला खाजगी कंपनी परवडणाऱ्या हप्त्यात घेईल ही आशा व्यर्थ होती. तेव्हा ते इथेच राहणार, हे उघड होते. एसटीतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी आमची कुजबुज काही दिवस ऐकून घेतली आणि एका रात्री जेवताना बजावले, "जायचं तर जा, राहायचं तर राहा. आमच्या नावावर पावती फाडू नका." मग त्यांनी खटावच्या जमिनीचे काय, असे विचारले. पाच वर्षांनी जर्मन नागरिकत्व मिळू शकते, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड घेतले तर वडिलोपार्जित शेती वारसाने मिळते, नवी विकत घेता येत नाही, हे नवऱ्याने समजावून सांगितले. "मग सातबारावर नाव राहील ना?" एवढे विचारून ते हात धुवायला उठले.

शेवटच्या आठवड्यात नवऱ्याने एकट्याने पुढे जाण्याचा पर्याय मांडला. सहा महिने परिविक्षा काढायची, मग मी आणि मुलगा. हा पर्याय चुकीचा नव्हता आणि पुष्कळ घरे असेच करतात. पण त्याच्याशिवाय सासऱ्यांच्या तपासण्या, मुलाची शाळा, दवाखाना आणि बी-टूचा अभ्यास मी एकटी ओढणार, आणि सहा महिन्यांनीही माझ्या परवान्याची स्थिती तसूभर बदललेली नसणार, हे मी त्याला वहीत लिहून दाखवले. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी त्याने नकाराचा मेल पाठवला आणि त्यानंतर काही दिवस घरात जेवणापुरतेच बोलणे होते.

नकार का दिला, याबद्दल आमच्या घरात आजही एकमत नाही. नवरा विचारणाऱ्यांना बॉशची बातमी सांगतो. सासूबाईंची खात्री आहे की आम्ही त्यांच्यासाठी थांबलो, आणि आलेल्या-गेलेल्यांना त्या तसे अभिमानाने सांगतात. सासरे अशा वेळी वर्तमानपत्र वर धरतात. मी माझ्या परवान्याचे कारण सांगते, पण ते ऐकायला कोणाला फारसा वेळ नसतो, कारण त्यात तासांची कोष्टके येतात. जर्मनचा वर्ग मी सोडलेला नाही. संध्याकाळचा दवाखाना आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवते आणि मॅक्स म्युलर भवनात जाते. बी-वनची परीक्षा येत्या काही महिन्यांत आहे, आणि कंपनीत पुन्हा जागा निघाली तर विचारा, असे नवऱ्याने परवा त्याच्या साहेबांना सांगून ठेवले आहे.