चोर सोडून संन्याशाला: एनसीएएच्या शिक्षा नेमक्या कुणाला होतात?

2012 साली ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ बाराच्या बारा सामने जिंकला आणि हंगाम संपताच घरी बसला. बिग टेन या त्यांच्या विद्यापीठ-गटाची अंतिम लढत नाही, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्यांच्यावर हंगामानंतरच्या सामन्यांची बंदी घातली होती, कारण आदल्या संघातल्या काही खेळाडूंनी स्पर्धांत मिळालेल्या अंगठ्या आणि जर्सी देऊन टॅटू आणि रोख पैसे घेतले होते, आणि प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी ते कळल्यावरही दडवून ठेवलं होतं. शिक्षेची अंमलबजावणी होईपर्यंत त्या प्रकरणातले मुख्य पाच खेळाडू विद्यापीठ सोडून गेले होते. ट्रेसल यांनी 2011 च्या मे महिन्यातच राजीनामा दिला होता. बंदी भोगली ती नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळणाऱ्या मुलांनी.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांत नियम मोडणाऱ्यांना शिक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पैसे वाटून किंवा प्रतिस्पर्ध्यांचे मैदानावरचे डावपेचांचे इशारे चोरून कुणी जिंकत असेल, तर प्रामाणिक संघांवर तो उघड अन्याय आहे. माझा आक्षेप आहे तो शिक्षेच्या वेळेवर आणि पत्त्यावर.

उशीर कसा होतो ते बघा. एनसीएएला न्यायालयासारखं समन्स काढता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या साक्षीदाराला बोलतं करणं अवघड जातं. चौकशी पुरी झाल्यावर आरोपांची नोटीस निघते, विद्यापीठाला उत्तरासाठी 90 दिवस मिळतात, मग चौकशी विभागाचं प्रत्युत्तर, समितीसमोर सुनावणी, निकाल, आणि त्यावर अपील. अपील चालू असेपर्यंत आव्हान दिलेली शिक्षा थांबते. ओक्लाहोमा स्टेटच्या बास्केटबॉल संघाचं प्रकरण म्हणजे याचा नमुनाच. लाच घेणाऱ्या सहायक प्रशिक्षकाला 2017 च्या सप्टेंबरमध्ये अटक झाली आणि विद्यापीठाने त्याला लगेच काढलं. निकाल आला 2020 च्या जूनमध्ये, अपील फेटाळलं गेलं 2021 च्या नोव्हेंबरमध्ये. दरम्यान केड कनिंगहॅम हा खेळाडू त्याच संघाकडून एनसीएए स्पर्धा खेळला आणि एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर गेलासुद्धा. बंदी आली त्याच्यानंतरच्या संघावर.

या उशिरातूनच हिशेबी वागणं जन्माला येतं. शिक्षा येणारच असेल तर ती कमकुवत वर्षी स्वतःहून घेऊन टाकायची. मायामी विद्यापीठाने 2011 आणि 2012 अशी दोन वर्षं हंगामानंतरच्या सामन्यांतून स्वतःच माघार घेतली. 2013 मध्ये निकाल लागला तेव्हा आणखी बंदी आली नाही. ओहायो स्टेटने मात्र 2011 चा सहा विजय आणि सहा पराभवांचा संघ हंगामानंतरच्या सामन्यात उतरवला आणि बंदी पडली ती अपराजित वर्षावर. कुठल्या वर्षीच्या मुलांचा बळी द्यायचा, हे प्रशासकांच्या अंदाजावर ठरतं. यात न्याय कुठे आहे?

शिष्यवृत्त्या कापण्याची, म्हणजे शिष्यवृत्तीवर घेता येणाऱ्या खेळाडूंची संख्या कमी करण्याची शिक्षा बाहेरून सौम्य वाटते, पण ती हळूहळू मुरते. 2010 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूएससी) दोन वर्षांच्या बंदीबरोबर तीन वर्षांत मिळून 30 शिष्यवृत्त्यांची कपात झाली. तेव्हा फुटबॉलला एकूण 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि वर्षाला 25 नवे खेळाडू घेता येत. यूएससीसाठी हे आकडे 75 आणि 15 झाले. पहिल्या वर्षी जुने खेळाडू असतात, म्हणून फारसं जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी दुखापती सुरू झाल्या की राखीव फळी रिकामी दिसते. ज्या काळासाठी ही शिक्षा होती त्या काळाचे मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल निकालाआधीच सिअॅटलला व्यावसायिक संघाकडे गेले होते. 2025 पासून, खेळाडूंशी महसूल वाटून घेणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांऐवजी संघाच्या आकाराची मर्यादा लागू आहे, त्यामुळे या शिक्षेचं स्वरूपही आता बदलावं लागणार.

जिंकलेले सामने नोंदीतून पुसणं तर मला निरर्थक वाटतं. लुइव्हिलचं 2013 चं बास्केटबॉल अजिंक्यपद 2018 मध्ये काढून घेतलं गेलं, पण अंतिम सामना हरलेल्या मिशिगनला त्यातून काहीच मिळालं नाही.

अलीकडे दिशा बदलली आहे, आणि ती बरोबर आहे. 2023 मध्ये टेनेसीचे 18 सर्वांत गंभीर दर्जाचे नियमभंग सिद्ध झाले, तरी बंदी न घालता 80 लाख डॉलर दंड झाला. माजी प्रशिक्षकावर सहा वर्षांचा ‘शो-कॉज’ आदेश निघाला. म्हणजे त्या काळात त्यांना कामावर घेणाऱ्या विद्यापीठालाही निर्बंध सोसावे लागतात. 2025 मध्ये मिशिगनच्या इशारे-चोरी प्रकरणात समितीने स्पष्ट म्हटलं की अनेक वर्षांची बंदी योग्य ठरली असती, पण निरपराध खेळाडूंवर तो अन्याय झाला असता. त्याऐवजी फुटबॉलच्या अंदाजपत्रकाच्या 10 टक्के, शिवाय दोन वर्षांच्या हंगामोत्तर सामन्यांतून अपेक्षित असलेल्या उत्पन्नाइतकी रक्कम दंडात धरली. बंदीने विद्यापीठाचं जे नुकसान झालं असतं ते वसूल होतं आणि मुलं खेळू शकतात. ही पद्धत मला पटते.

पण तिला दोन भोकं आहेत. एक, शो-कॉज एनसीएएबाहेर चालत नाही. मिशिगनचे त्या वेळचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांच्यावरचा दहा वर्षांचा आदेश 2028 च्या ऑगस्टपासून लागू होणार, आणि ते 2024 पासूनच चार्जर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक आहेत. म्हणून करारातच कलम हवं: गंभीर नियमभंग सिद्ध झाला तर त्या हंगामांचे बोनस परत करायचे आणि मुदतपूर्व काढल्याची भरपाई मिळणार नाही. टेनेसीने आपल्या प्रशिक्षकाला ‘सकारण’ काढलं, त्यामुळे भरपाई द्यावी लागली नाही. दुसरं भोक दंडाच्या पैशाचं. तो खेळ विभागाच्या सामाईक तिजोरीतून गेला तर कात्री पोहण्याच्या किंवा कुस्तीच्या संघावर चालण्याची भीती असते. दंड त्याच खेळाच्या उत्पन्नातून भरायची अट आदेशातच लिहायला हवी.

संघ बंद करण्याची शिक्षा पूर्ण काढून टाकावी, असं मात्र मी म्हणणार नाही. 1987 मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या (एसएमयू) फुटबॉल संघाचा संपूर्ण हंगाम रद्द झाला, कारण आधीची शिक्षा चालू असतानाच 13 खेळाडूंना मिळून सुमारे 61,000 डॉलर दिले गेले होते आणि ते देत राहण्याचा निर्णय विद्यापीठाच्या वरिष्ठांपर्यंत पोचलेला होता. विश्वस्तांच्या पातळीवर दोषी संस्थाच असेल, तर संस्थेला शिक्षा करण्यात विसंगती नाही. तिथेही खेळाडूंना एक वर्ष न थांबता दुसरीकडे खेळण्याची मुभा होती. तेवढी तरतूद अशा प्रत्येक आदेशात असावी, आणि वर्षं बाकी असलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम दोषी विद्यापीठानेच भरावी, मुलगा शिकायला कुठेही गेला तरी.