कुपवाडचा ड्रम डायनो: चाकावरची पॉवर आणि 15 टक्क्यांचा हिशेब

मंडळी, सांगलीजवळच्या कुपवाडला मी डायनो, म्हणजे गाडीची चाकावरची पॉवर मोजायचं मशीन, बनवतोय. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा त्याचे ड्रम नुसते फ्रेमवर चढले होते. आता ते फिरतात, आकडे देतात, आणि त्या आकड्यांवरून माझं एक मत पक्कं झालंय: इंजिनापासून चाकापर्यंत 15 टक्के पॉवर जाते असं धरून चाकावरच्या पॉवरला 0.85 ने भागायचं आणि इंजिनाची पॉवर काढायची, हे आपण सोडून द्यायला हवं.

आधी मशीनबद्दल. 600 मिमी व्यासाचे दोन ड्रम, एकच शाफ्ट, प्लमर ब्लॉक (बेअरिंगच्या बैठका), वर जाड पत्र्याचं झाकण. डायनॅमिक बॅलन्सिंग कुपवाड एमआयडीसीतच करून घेतलं. यात ब्रेक नाही, हा इनर्शिया डायनो आहे. गाडी ड्रमला किती झपाट्याने वेग देते ते हॉल सेन्सर (चुंबकावरून फेरे मोजणारा) मोजतो. ड्रमचं समतुल्य वजन (ड्रमचं जडत्व काठावरच्या वजनात मांडलं की येतं ते) गुणिले वेग गुणिले त्वरण, की झाली पॉवर. म्हणजे सगळा डोलारा त्या समतुल्य वजनावर उभा आहे.

ड्रॉइंगवरून ते 655 किलो निघत होतं. पण पाइपची जाडी सगळीकडे सारखी नसते, वेल्डिंगचं वजन कुणी धरत नाही. म्हणून खरं वजन काढायला साधी युक्ती केली. ड्रमच्या काठावर दोरी गुंडाळली, वरच्या अँगलला पुली लावून दुसऱ्या टोकाला 20 किलोची वजनं टांगली आणि सोडली. दोन मीटर खाली यायला साधारण 3.8 सेकंद. मग 10 किलो लावून तेच केलं, तर 5.6 सेकंद. दोन वजनं घेतली की बेअरिंगचं घर्षण गणितातून वेगळं काढता येतं. ते 15 न्यूटनच्या आसपास आलं. समतुल्य वजन निघालं 640 किलो. ज्यांच्या लेथवर ड्रम टर्न झाले ते काका शेजारी उभे होते, म्हणाले, "पंधरा किलोनं काय फरक पडतोय?" काका, 70 पीएसच्या आकड्यात दीड पीएस पडतो. एअर फिल्टर बदलून तेवढाच फायदा दाखवणारे ग्राफ आपण सगळ्यांनी पाहिलेत.

दुसरी गोष्ट हवेची. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. वेगवेगळ्या हवेतले आकडे एका मापावर आणणारं एसएई जे1349 या मानकाचं करेक्शन 99 किलोपास्कल कोरडी हवा आणि 25 अंश धरून चालतं. मे महिन्यात 40 अंशांत त्याचा गुणक 1.10 च्या वर जातो, डिसेंबरच्या सकाळी 1.04. म्हणजे तीच गाडी, तोच ड्रम, आणि नुसत्या ऋतूने सहा टक्के इकडेतिकडे. कुणी ग्राफ टाकला तर आधी विचारा: करेक्शन कुठलं, तापमान किती? टर्बो गाडीला तर हा गुणक डोळे झाकून लावूच नका; टर्बो पातळ हवेची बरीच भरपाई स्वतःच करतो, मग आकडा फुगतो.

आता गाडी. मित्राची पेट्रोल स्विफ्ट, 1.2 लिटर, कंपनीचा आकडा 83 पीएस 6000 आरपीएमला, 113 एनएम 4200 ला. रॅचेट पट्टे प्रत्येक वेळी सारखेच ताणायचे, कारण पट्टा जास्त आवळला की टायर ड्रमवर चेपतो आणि एक-दोन पीएस तिथेच जातात. टायर गरम होईपर्यंत पहिले रन मोजायचे नाहीत.

करेक्शन लावून चाकावर तिसऱ्या गिअरमध्ये 69 पीएस, चौथ्यातही 69. दोन्ही गिअर सारखेच, असं वाटेल. तसं नाही. रन संपला की गिअर तसाच ठेवून क्लच दाबायचा आणि ड्रमला आपोआप मंदावू द्यायचं, म्हणजे कोस्टडाऊन. 6000 आरपीएमच्या वेगाला तिसऱ्यात 6.5 पीएस खर्च दिसला, चौथ्यात 9, कारण चौथ्यात वेग जास्त, टायर जास्त खातो. बेरीज तिसऱ्याची 75.5, चौथ्याची 78. इंजिन तर एकच! हा फरक मुख्यतः फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकाचा. गिअर जितका खालचा, तितकी इंजिनाची जास्त ताकद स्वतःचंच चाक फिरवण्यात जाते. एक खर्च वाढला, दुसरा कमी झाला आणि चाकावर दोन्ही सारखे दिसले.

मग 78 ते 83 मधले 5 पीएस कुठे गेले? थोडे चौथ्यातही फ्लायव्हीलकडेच. बाकीचे बहुधा गिअरच्या दातांत: क्लच दाबल्यावर दातांवर लोडच नसतो, त्यामुळे लोडखालचं घर्षण कोस्टडाऊनला दिसत नाही. हे पाच माझा अंदाज समजा; कंपनीचा आकडा टेस्ट बेंचवरच्या इंजिनाचा असतो आणि प्रत्येक गाडी तेवढी देईलच असं नाही.

83 चे 69 म्हणजे 17 टक्के, म्हणून 15 चा नियम बरोबर वाटतो. पण चौथ्यातच 3000 आरपीएमला कोस्टडाऊनचा खर्च फक्त 3.5 पीएस होता. आरपीएम दुप्पट, खर्च अडीचपट, आणि चाकावरची पॉवर 39 वरून 69, म्हणजे दुप्पटही नाही. टक्केवारी एकाच रनमध्ये बदलते. शिवाय रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून चाकावर 10 पीएस वाढले, तरी टायर आणि गिअर ऑइल त्याच वेगाला तेवढेच खाणार. 0.85 ने भागलं की मात्र 11.8 दिसतात. हे जास्तीचे पीएस बरेचसे कॅल्क्युलेटरमधून आलेले असतात. त्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा चाकावरचाच आकडा टाका, तोच गिअर, तोच डायनो, तेच टायर प्रेशर.

पुढची गाडी बोलेरो, 75 पीएसवाली. तिला मागच्या ॲक्सलमध्ये हायपॉइड क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडी आहे, दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यामुळे तिथे खर्च जास्त असायला हवा. उलट चौथा गिअर डायरेक्ट, गिअरबॉक्समध्ये लोड दातांवरून जातच नाही. ऑइल थंड असताना आणि गरम झाल्यावर असे दोन्ही कोस्टडाऊन घेणार आहे. हाऊसिंगला तापमानाचा सेन्सर चिकटवून झालाय. मागच्या चाकांसाठी पट्ट्यांचे हुक नव्याने वेल्ड करायचे राहिलेत.