पौंडाला पौंड: १८७२ ची नगरपालिका गॅझेटमधून शोधताना (माझा अनुभव)

सिडनीच्या पश्चिमेला वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल, मेरीलँड्स ह्या पट्ट्यात आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण इथली नगरपालिका मुळात झाली कशी, तिला पैसे कुठून आले, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात, मीही बघायचे. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "आपल्या भागाबद्दल काहीतरी लिही" म्हणून फोन आला आणि मी ठरवलं की नेटवरची चार वाक्यं इकडची तिकडे करण्यापेक्षा सरळ मूळ सरकारी कागदच बघू. त्यात अख्खा हिवाळा गेला. कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

न्यू साउथ वेल्स ही तेव्हा ब्रिटिशांची वसाहत, आणि तिचं सरकारी गॅझेट १८३२ पासून वेगळं निघतं, त्याआधी सरकारी हुकूम १८०३ मध्ये सुरू झालेल्या सिडनी गॅझेट ह्या वर्तमानपत्रातच छापून यायचे. हे सगळं आता ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, घरबसल्या फुकट वाचता येतं. ऐकायला सोपं वाटतं ना? मी सर्चमध्ये "प्रॉस्पेक्ट" टाकलं, कारण आमच्या जुन्या नगरपालिकेचं नाव प्रॉस्पेक्ट अँड शेरवुड, आणि समोर आला डोंगर. सोन्याच्या खाणीवाल्यांची वसाहत ही, त्यामुळे जिथे बघावं तिथे प्रॉस्पेक्टिंग, म्हणजे सोनं शोधणं, अमक्याला प्रॉस्पेक्टिंगचा परवाना, तमक्याचा क्लेम, म्हणजे खाणीच्या जागेवरचा हक्क. तेव्हा पहिली गोष्ट ही की पूर्ण नाव अवतरणात टाका, फक्त गॅझेट निवडा आणि वर्षं आवळून घ्या, म्हणजे निम्मा कचरा जातो.

उरलेला कचरा वाचायला मात्र मजा येते हे कबूल केलं पाहिजे. मी कितीतरी संध्याकाळी कोंडवाड्याच्या नोटिसाच वाचत बसले. मोकाट घोडा किंवा गाय सापडली की कोंडवाड्यात टाकायची, मग गॅझेटमध्ये छापायचं की तांबूस घोडी आहे, कपाळावर चांदणी, खांद्यावर अमक्या अक्षराचा डाग, अमुक तारखेपर्यंत कोणी सोडवून नेली नाही तर लिलाव. एकेका जनावराचं इतकं बारीक वर्णन की पोलीस स्टेशनात हरवलेल्या माणसाचं पण कोणी लिहून घेत नसेल. आणि शेजारच्याच पानावर टेंडरं, पूल बांधणे, कोर्टाची डागडुजी, तुरुंगाला पाव पुरवणे, आणि खाली ते वाक्य की सरकार सगळ्यात कमी दराचं किंवा कुठलंही टेंडर स्वीकारायला बांधील नाही. आमचे बाबा पीडब्ल्यूडीत होते, हे वाक्य मी लहानपणापासून मराठीत वाचलंय हो, शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

असो, मुद्द्यावर येते. १८७२ च्या जुलैमधली आमची उद्घोषणा, म्हणजे नगरपालिका झाल्याचं सरकारी जाहीरपत्र, सापडली. वर गव्हर्नरचं नाव, सर हर्क्युलिस रॉबिन्सन, हा नुकताच जूनमध्ये आला होता, त्याआधी सिलोनला आणि त्याच्याही आधी हाँगकाँगला गव्हर्नर, म्हणजे बदलीवर फिरणारा साहेब. वसाहतीचा सेक्रेटरी तेव्हा हेन्री पार्क्स, जो प्रीमियर पण होता. शेवटी गॉड सेव्ह द क्वीन. मधला मजकूर म्हणजे सगळी हद्द, अमक्याच्या जमिनीच्या कोपऱ्यापासून नाल्याने खाली, मग रस्त्याने पूर्वेला, आपल्या सातबाऱ्याची चतुःसीमा वाचायची सवय असेल तर अजिबात जड जात नाही. मी गूगल मॅप उघडून बोटाने हद्द फिरवत होते तर नवरा म्हणाला "अगं, हे कोण वाचणारे?" म्हटलं कोणी नाही, मी तरी वाचतेय.

पण नुसती उद्घोषणा वाचून काहीच कळत नाही, हे मला सगळ्यात आधी कोणी सांगायला हवं होतं. ती म्हणजे लग्नाची पत्रिका, बोलणी आधीच झालेली असतात. त्यासाठी १८६७ चा म्युनिसिपालिटीज ॲक्ट वाचावा लागला. कायदा असा की सरकार स्वतःहून नगरपालिका लादत नव्हतं, लोकांनी मागायची. म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आमच्यासारखी विरळ वस्तीची नगरपालिका, हवा असेल तर किमान ५०० वस्ती, क्षेत्र ५० चौरस मैलांपेक्षा जास्त नको, आणि निदान ५० जणांच्या सहीचा अर्ज. तो अर्ज आधी गॅझेटमध्ये छापायचा, म्हणजे ज्यांना नको त्यांना कळावं, आणि त्यांनी मुदतीत उलटा अर्ज करून जास्त सह्या आणल्या तर विषय बारगळला. म्हणून उद्घोषणा मिळाली की तिथे थांबू नका, तारीख मागे मागे नेत अर्ज शोधा. माझी इथे निराशा झाली ती म्हणजे गॅझेटात अर्जाखाली पुष्कळदा सह्यांची नावं छापतच नाहीत, चौकटी कंसात नुसतं "इथे इतक्या सह्या" असं लिहून मोकळे. मला तर नावंच हवी होती!

आता तुम्ही म्हणाल की नगरपालिका नको असं कोण म्हणेल. तर बरेच जण म्हणायचे, आणि ह्याचं कारण पैसा. नगरपालिका नसलेल्या भागात रस्ते, पूल सरकार स्वतःच्या खर्चाने करायचं, तिथल्या लोकांनी स्थानिक कराची एक पेनी भरायची नाही. नगरपालिका झाली की वार्षिक भाड्याच्या किमतीवर पौंडामागे एक शिलिंगपर्यंत पट्टी बसणार. २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे ५ टक्के. मग शहाणा माणूस कशाला सही करेल? ह्यावर सरकारने काढलेला उपाय म्हणजे एन्डोमेंट, अनुदान म्हणा. पहिली ५ वर्षं तुम्ही जितकी पट्टी गोळा कराल तितकेच पैसे सरकार वर घालणार, पौंडाला पौंड. पुढची ५ वर्षं निम्मे. त्यापुढची ५ वर्षं पाव. मग राम राम.

हे मला नुसतं वाचून नीट डोक्यात शिरलं नाही म्हणून मी वहीत मांडलं. समजा वर्षाला ३०० पौंड पट्टी येते. पहिल्या टप्प्यात हातात ६००, दुसऱ्यात ४५०, तिसऱ्यात ३७५ आणि सोळाव्या वर्षी परत ३००, आणि तोवर पहिल्या पाच वर्षांत हौसेने केलेले रस्ते दुरुस्तीला आलेले. आमच्यासाठी म्हणजे १८७७ ला पहिली कात्री, १८८२ ला दुसरी, १८८७ ला बंद. हे लक्षात आलं आणि मग सगळ्या नोटिसा वेगळ्याच दिसायला लागल्या. म्हणजे सुरुवातीला जी घाई दिसते ती उगाच नाही, जितकी पट्टी वसूल तितकं अनुदान, त्यामुळे थकबाकी ठेवणारा शेजारी हा सगळ्या गावाचं दुहेरी नुकसान करतोय. आणि जे बाहेर राहिले ते आपले सरकारी रस्त्यावरून फुकट गाडी हाकतायत. शतक संपून १९०५ उजाडलं तरी ह्या प्रचंड वसाहतीचा (तोपर्यंत राज्य झालं होतं) एक टक्क्याहून कमी भाग नगरपालिकांत आला होता, शेवटी सक्तीचा कायदा करावा लागला तेव्हा कुठे बाकीचे बरेच आत आले. मला तर वाटतं ह्यात लोकांची काही चूक नव्हती, हिशोबच तसा होता.

हिशोब कुठे मिळतात तर गॅझेटमध्येच, नगरपालिकांचे सहामाही जमाखर्च छापून यायचे. एका बाजूला जमा, पट्टी, सरकारी अनुदान, दुसऱ्या बाजूला खडी, मजुरी, कारकुनाचा पगार. पौंड शिलिंग पेन्सचे तीन रकाने. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड ही बेरीज करताना मला आजीची रुपये आणे पैची वही आठवली, हातचा घ्यायची पद्धत तीच, फक्त १६ च्या जागी २०. एक्सेलवर विश्वास ठेवू नका, सगळं आधी पेन्समध्ये करून घ्या. शिवाय कॉम्प्युटरने वाचलेले आकडे जपून घ्या, ३ चा ८ होतो, ठिपक्यांच्या ओळीतून आख्खा रकाना गायब होतो. मूळ पानाचं चित्र मोठं करून बघायचं. आणि बाजूला चुकीचा मजकूर दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची सोय आहे, कोणीही करू शकतं, मी रोज रात्री जेवण झाल्यावर थोड्या ओळी करायचे, व्यसनच लागतं.

वरच्या बाजूने, म्हणजे सरकारने एकूण किती मंजूर केले ते बघायचं असेल तर गॅझेट पुरत नाही, विधानसभेचे छापील कागद, व्होट्स अँड प्रोसीडिंग्जचे जाडजूड खंड, ते स्टेट लायब्ररीत बघितले. त्यात अंदाजपत्रक ओळीओळीने असतं, शिपायाच्या पगारासकट.

आता सगळ्यात चिवट भाग. ज्या सह्या छापल्या नव्हत्या त्या शोधायला मी किंग्जवूडला राज्याच्या दफ्तरखान्यात गेले. बॅग लॉकरमध्ये, पेन नाही फक्त पेन्सिल. वसाहतीच्या सेक्रेटरीकडे येणाऱ्या प्रत्येक पत्राला नंबर पडायचा, वर्ष आणि पुढे आकडा. मी नंबर शोधून काढला, खोका मागवला, त्या नंबराला काहीच नाही. काउंटरवरच्या बाईंनी समजावलं की त्याच विषयावर नंतर दुसरं पत्र आलं की जुनं पत्र उचलून नव्या नंबराखाली लावायचे, आणि तिसरं आलं की ते दोन्ही तिसऱ्याखाली. त्यामुळे रजिस्टरमध्ये नंबरापुढे शेरा बघायचा, तिथून पुढच्या रजिस्टरला, तिथून आणखी पुढच्या, जोवर शेरा थांबत नाही तोवर. मला एकदम बाबांच्या ऑफिसातल्या फायली आठवल्या, "ती फाईल आता त्या फायलीत आहे"! मला ते भयंकर ओळखीचं वाटलं त्यामुळे दुसऱ्या कोणी वैतागून सोडलं असतं ते मी रजिस्टर बदलत बदलत पुढे नेलं, आणि कागद मिळाले. सगळे नाहीत, पण सह्यांचा एक ताव मिळाला. काही सह्या झोकदार, काही थरथरत्या, आणि काहींनी नुसती फुली मारलेली, फुलीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्याच कोणीतरी नाव लिहून दिलंय. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढू देतात, काढले.

पहिला मेयर झाला आर्थर टॉड होलरॉइड, ज्याचं नाव नंतर १९२७ मध्ये अख्ख्या नगरपालिकेला दिलं आणि जे २०१६ च्या विलीनीकरणात गेलं. हा माणूस म्हणजे एक वेगळाच लेख होईल, शिकला डॉक्टरकी, सुदान आणि पॅलेस्टाइनपर्यंत भटकला, मग बॅरिस्टर झाला, इथे येऊन मोठी जागा घेतली आणि कौलं विटा पाइपांचा कारखाना काढला. मेरीलँड्स हे नाव त्याच्याच इंग्लंडमधल्या घरावरून आलंय. नव्या नगरपालिकेला गटारं लागणार आणि मेयरचा पाइपांचा कारखाना, असा विचार तुमच्याही मनात आला असेल, माझ्याही आला. पण मी बघितलेल्या जमाखर्चात तसं काही दिसलं नाही म्हणून लेखात लिहिलं नाही.

जाता जाता एक, त्याच १८७२ साली आपल्या मुंबईचा म्युनिसिपल ॲक्ट झाला, ६४ जणांची कॉर्पोरेशन आणि त्यातले निम्मेच करदात्यांनी निवडलेले, बाकी जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले मानद न्यायाधीश, ह्यांच्या आणि सरकारच्या मर्जीचे. इथे ५०० वस्तीच्या खेड्याला सगळेच आल्डरमन, म्हणजे नगरसेवक, निवडता येत होते. राणी एकच.

ग्रॅनव्हिलला राहणाऱ्या कोणाला हौस असेल तर तुमची नगरपालिका १८८५ ची आहे. म्हणजे पौंडाला पौंड संपून निम्म्यावर येण्याची वेळ १८९० ला, पावावर १८९५ ला, आणि मध्ये १८९३ ला इथल्या कितीतरी बँकांनी दारं बंद केली, लोकांकडे पट्टी भरायलाच पैसे नसणार तर अनुदान कशावर मिळणार. ते सहामाही हिशोब कोणी काढले तर मला जरूर पाठवा, पेन्समध्ये करायची माझी शीट तयार आहे, देईन.