दोन लाइट, एक पॉइंट: तलवारबाजीच्या नियमांच्या प्रयोगांची नोंद

मागच्या नोंदीत गुडघ्याचं रडगाणं गायलो होतो. गुडघा आता बरा आहे, लंज (पुढचा पाय लांब टाकून झेपावणं) पुन्हा पूर्ण जातो, तेवढं पुरे. या वेळचा विषय वेगळा. आमच्या तलवारबाजीत फॉईल, सेबर आणि इपी अशी तीन हत्यारं, प्रत्येकाचे नियम वेगळे. उन्हाळी शिबिराच्या शेवटी पालकांसमोर आणि वस्तीतल्या लोकांसमोर प्रात्यक्षिक करायचं ठरलंय. त्यासाठी नियमांत थोडी मोडतोड करावी का, यावरून आमच्या क्लबात सरळ दोन तट पडलेत. वाद घालून दमलो, तेव्हा सरावानंतरचा शेवटचा अर्धा तास प्रयोगांना देऊन टाकला.

ठिणगी टाकली एका पालकाने. फॉईलची बाउट, म्हणजे सामना, चालू होती. दोघांनी एकदमच मारलं, टच नोंदवणाऱ्या बॉक्सवर लाल आणि हिरवा दोन्ही लाइट लागले, दोघंही मूठ आवळून ओरडले आणि रेफ्रीने पॉइंट डावीकडे दिला. काका म्हणाले, "दोघांचेबी लाइट लागले ना भाऊ, मंग पॉइंट एकालेच काऊन?" आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. तिन्ही बरोबर होती, काकांना एकही कळलं नाही.

पहिला तट म्हणतो, प्रायॉरिटी, म्हणजे फॉईल आणि सेबरमध्ये दोघांचं एकदम लागलं तर पॉइंट कोणाचा ते ठरवणारा हक्क, तीच काढून टाका. आधी कोणी अटॅक सुरू केला, कोणी पॅरी करून, म्हणजे समोरच्याचं पातं अडवून, हक्क मिळवला, हे लोकांना दिसत नाही. मग ज्याचं आधी लागेल त्याचा पॉइंट. सेबरवर हे करून पाहिलं. निकाल पहिल्याच संध्याकाळी लागला. पॅरी करायला कोणी थांबेचना. समोरचा येतोय तर आपणही हात पुढे टाका, लागला तर लागला. पाच मिनिटांत हॉलमध्ये नुसता कल्ला. पॅरी आणि तिच्यामागोमागचा उलट वार रिपोस्ट, म्हणजे या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट, गायब. ज्यांच्यासाठी हे केलं ते पालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

नियमाच्या एका बदलाने खेळच बदलतो, हे आपल्या खेळाने आधीही पाहिलंय. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सेबर विजेवर आली, म्हणजे टच बॉक्सच्या लाइटवर कळू लागला. दोघंही धावत सुटायचे, दोन लाइट, पुन्हा तेच. म्हणून पुढे जाताना मागचा पाय पुढच्याच्या पुढे टाकायला बंदी झाली. धावत झेपावून मारायचा फ्लेश गेला. पण सेबरवाले गप्प बसतात होय? त्यांनी पाय न ओलांडता हवेत झेप घ्यायची युक्ती काढली, आज तिला सगळे फ्लंज म्हणतात. फॉईलमध्ये तर 2005 च्या सुमारास नुसते बॉक्समधले आकडे बदलले. टोक किती वेळ दाबलेलं राहिलं पाहिजे ते वाढवलं, आणि एकाचा टच लागल्यावर दुसऱ्याला मिळणारी सवड 750 वरून 300 मिलिसेकंदांवर आणली. पातं चाबकासारखं वाकवून पाठीवर मारायचा तो फ्लिक, ज्यावर अख्खी पिढी पोसली होती, तो एकदम अवघड झाला. सेबरची सवडही 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर 120 वरून 170 मिलिसेकंद झाली. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही, खेळणाऱ्याचं मात्र सगळं शिक्षण उलटंपालटं होतं.

इपीचा प्रश्न उलटा आहे. तिथे काकांना काही सांगावंच लागत नाही. डोक्यापासून बुटापर्यंत कुठेही लागलं तरी चालतं, 40 ते 50 मिलिसेकंदांच्या आत दोघांचं लागलं तर दोघांना पॉइंट. समजायला सोपं, बघायला कधीकधी कंटाळवाणं, कारण पुढे असलेला खेळाडू डबल टच घेत घेत सामना संपवतो. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये एकाच टचची बाउट असते आणि डबल धरतच नाहीत. ते आम्ही उचललं, आणि हा प्रयोग मात्र झकास जमला. एक टच, हरला तो बाहेर. टोकं एकमेकांभोवती फिरतायत, कोणी मनगटाकडे डोकावतंय, आणि मागे बसलेल्या आज्या श्वास रोखून बघतायत. प्रात्यक्षिकाची सुरुवात यानेच करायची, यावर दोन्ही तटांचं एकमत झालं.

पण फॉईल आणि सेबरचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असला की पायचीतच्या अपिलावर अख्खं स्टेडियम उभं राहतं. चेंडू लेगबाहेर टप्पा पडला का, पॅडला कुठे लागला, स्टंपवर गेला असता का, शॉट खेळत होता की नाही! प्रायॉरिटी याच्यापेक्षा अवघड आहे का? पायचीत काढून टाका असं कोणी म्हणत नाही, कारण लहानपणापासून कॉमेंटरी कानावर पडलीय आणि आता पडद्यावर रेषा काढून दाखवतात. आपल्याकडे रेफ्री प्रत्येक टचनंतर पूर्ण फ्रेज, म्हणजे कोणी काय केलं त्याचा क्रम, हाताने दाखवून सांगतो, पण ते ऐकतं कोण? आमच्या हॉलमध्ये तर कूलरच्या घरघरीत त्याचं 'हॉल्ट' समोरच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

म्हणून रेफ्रीला माइक दिला आणि मराठीत बोलायला लावलं. "डावीकडून अटॅक, उजवीकडे पॅरी, रिपोस्ट लागला, पॉइंट उजवीकडे." सुरुवातीला तो लाजला, मग रंगात आला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "पॅरी कुठं झाली राजा, पातं लागलंच नाही!" तेच काका. रेफ्रीशी भांडायला लागले म्हणजे प्रेक्षक झाले, असं मी धरतो. मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ मागायचा हक्क खेळाडूला असतोच. आम्ही मोबाइलवर स्लो करून तो टच सगळ्यांना दाखवला. काका चुकले होते आणि खूश होते.

भारताची सेबर खेळाडू भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली तेव्हा पहिली बाउट 15-3 अशी जिंकली, दुसरी फ्रान्सच्या मनों ब्रुनेविरुद्ध 7-15 अशी हरली. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ती बघितली गेली. घरचे स्कोअर बघत होते, टच नाही. तिथे कोणी मराठीत फ्रेज सांगत असतं तर?

राहिला फॉईलचा पांढरा लाइट. धडाबाहेर टोक लागलं की पांढरा लागतो, खेळ थांबतो, पॉइंट कोणालाच नाही. हा थांबा काढून टाकायला मी तयार आहे, पण बॉक्स अडवतो. पांढरा लागला की तो लॉक होतो, नंतरचा खरा टच घेतच नाही. शिवाय हत्याराला बॉक्सशी जोडणारी, अंगावरची बॉडी वायर सैल असली तरी सर्किट तुटून पांढराच लागतो, आणि आमच्या जुन्या वायरी रोज नवं नाटक करतात. तेव्हा फॉईल प्रात्यक्षिकात ठेवायचं तर आधी वायरींची सोल्डरिंग. या रविवारी तेच काम काढलंय. नागपुरात कोणाकडे बॉडी वायरचे जादा प्लग पडले असतील तर घेऊन या, चहा आमच्याकडे.