मागच्या दाराचं लॉक, आणि मोटर ठणठणीत

आमची गाडी 2009 ची, ठाण्यात बिल्डिंगबाहेर उघड्यावरच उभी असते. पावसाळा संपता संपता मागचं डावं दार लॉक व्हायचं बंद झालं, बाकीची तीन खटकन लागायची आणि हे तसंच. मुलगी तिथेच बसते हो. चाइल्ड लॉक असतं पण ते फक्त आतलं हँडल बंद करतं, बाहेरून कुणीही दार उघडू शकतं, तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलो की माझं सगळं लक्ष त्या दाराकडे.

गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं लॉक खालीवर करणारी मोटर गेली, चारही दारांचा नवा सेट टाकू, 2800. मला काही पटेना, कारण अधूनमधून ते लॉक चालायचं आणि नीट बघितलं तर दार अर्धं उघडं असलं की चालायचं, बंद केलं की नाही. फ्यूजचा प्रश्नच नव्हता, बाकीची तीन दारं त्याच फ्यूजवर.

रविवारी दाराचा पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढला, दोन क्लिपा तुटल्याच. मोटरला बॅटरीवरून 12 व्होल्ट क्षणभर टेकवले (जास्त वेळ धरू नका, जळते), लॉक खाली, वायरी उलट्या टेकवल्या की वर. मग मोटरला वीज आणणाऱ्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावला आणि बायकोला पुढचं लॉक दाबत राहायला सांगितलं, दार उघडं असताना बल्ब चमकायचा, ओढून घेतलं की काहीच नाही.

आता उरली दार आणि गाडीच्या खांबाच्या मधली, वायरी जातात ती रबरी नळी. ती मागे सरकवली तर आतली वायर वरून साबूत, पण चिमटीत धरून ओढली तर रबर बँडसारखी ताणली गेली, आतलं तांबं तुटलेलं आणि टोकाला हिरवी पूड. इतकी वर्षं दार उघडताना दर वेळी तिथेच वाकत आली होती.

तिथल्या तिथे सोल्डर नाही केलं, तो भाग ताठ होऊन परत तुटतो. नवी मऊ वायर साबण लावून नळीतून अख्खी सरकवली, एक जोड दारात, एक खांबात, वर हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी). पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद मात्र परत नीट चिकटवा, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. दाराखालची भोकंपण चिखलाने बुजली होती, ती मोकळी केली. सगळं मिळून 140 रुपये.

संध्याकाळी मुलीला घेऊन उपवनला गेलो, निघताना चारही लॉक एकदम खटकली.