श्ट्राउबिंगची आग्नेस

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गहून श्ट्राउबिंगला रेल्वेने जेमतेम अर्धा तास लागतो. आई साताऱ्याहून महिनाभर राहायला आली होती आणि तोवर राजेरजवाड्यांचे महाल बघून तिला पुरे झालं होतं. “एखाद्या साध्या माणसाची जागा दाखव गं,” म्हणाली. मला आग्नेस बेर्नाउअर आठवली.

बाजारचौकातला पाच शिखरांचा उंच मनोरा आम्ही परतताना बघायचा ठरवला आणि थेट सेंट पीटरच्या दफनभूमीकडे चालू लागलो. जुनं दगडी चर्च, भोवती शेवाळलेल्या कबरी, आणि त्यांच्यात एक लहानसं प्रार्थनाघर. आत भिंतीत लाल संगमरवराची शिळा बसवलेली आहे. तिच्यावर जवळजवळ माणसाच्या उंचीची एक बाई कोरली आहे. डोक्याखाली मोठी उशी, अंगावर चुण्यांचा पायघोळ झगा, हातात जपमाळ. पायाशी दोन छोटी कुत्री, परलोकाच्या वाटेवर सोबतीला.

आई बराच वेळ बघत राहिली. “कुणाची राणी ही?”

राणी नाही. सांगतात ते असं, की ती आउग्सबुर्गच्या एका न्हाव्याची मुलगी. त्या काळी तिकडचा न्हावी हमामखाना चालवायचा, दाढी करायचा, तुंबड्या लावायचा, दातही उपटायचा. लोकांचं त्याच्यावाचून अडायचं, पण त्याला मान नव्हता. बव्हेरिया-म्युनिकचा युवराज आल्ब्रेख्त 1428 मध्ये एका शस्त्रस्पर्धेसाठी आउग्सबुर्गला गेला, तिथेच दोघांची गाठ पडली असावी. पुढे बहुधा 1432 च्या सुमारास त्यांनी गुपचूप लग्न केलं. लग्नाचा कागद कुठेही सापडलेला नाही.

आल्ब्रेख्त हा ड्यूक एर्न्स्टचा एकुलता एक औरस मुलगा. न्हाव्याच्या मुलीच्या पोटी वारस जन्मला असता, तर त्याचा हक्क भाऊबंदांनी मानला नसता आणि राज्याचे लचके तोडले असते. सप्टेंबर 1435 मध्ये एर्न्स्टचा भाऊ विल्हेल्म वारला. त्याच्यामागे उरलं ते एक तान्हं बाळ. म्हणजे घराण्याची सगळी भिस्त आल्ब्रेख्तवर आली. पुढच्याच महिन्यात आल्ब्रेख्त शिकारीला लांडशूटकडे गेलेला असताना एर्न्स्टने आग्नेसला पकडलं आणि 12 ऑक्टोबरला पुलावरून डोनाउ, म्हणजे डॅन्यूब नदीत बुडवून मारलं. तिचं वय पंचविशीच्या आसपास.

“सासऱ्यानेच?” आईने विचारलं.

“हो. आणि हे प्रार्थनाघरही त्यानेच बांधलं. वर्षभराच्या आत.”

आई काहीच बोलली नाही. मला मात्र राग आवरेना. तिला मारल्यावर दोन-अडीच आठवड्यांतच ह्या माणसाने सम्राटाकडे दूत धाडला आणि त्याच्या तोंडून सांगायला लावलं, की ती दुष्ट बाई होती, मला आणि माझ्या पुतण्याला मारायला टपली होती. आणि मग तिच्यासाठी इतकं देखणं काम करवून घेतलं! शिळेवर मृत्यूचं सालही चुकलंय, 1435 ऐवजी 1436 कोरलंय. नाव नुसतं आग्नेस बेर्नाउअर. कुणाची बायको, ते नाही.

आल्ब्रेख्तचंही सांगायला हवं. संतापून तो इंगोलश्टाटला निघून गेला, बापलेकांत युद्ध पेटणार असं वाटत होतं. पण काही महिन्यांत समेट झाला आणि नोव्हेंबर 1436 मध्ये त्याने ब्राउनश्वाइगच्या आनाशी, म्हणजे राजघराण्यातल्या मुलीशी, लग्न केलं. मात्र आग्नेसच्या नावाने रोज प्रार्थना व्हावी म्हणून त्याने इथल्या कार्मेलाइट मठाला दान लावून दिलं होतं, आणि तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1447 मध्ये, ते वाढवलंही. मला तो आवडत नाही, पण हे दान मला विसरता येत नाही.

निघताना आईने माझा दंड धरून मला पुन्हा शिळेकडे वळवलं. “तिचा उजवा हात बघ.”

जपमाळ धरलेल्या बोटांत अंगठ्या कोरलेल्या. एक नव्हे, दोन.

मग नदीवर गेलो. ड्यूकचा वाडा अगदी काठावर आहे. दर चार वर्षांनी त्याच्या चौकात गावकरी आग्नेसची गोष्ट नाटकातून उभी करतात. 1935 मध्ये, तिच्या मृत्यूला 500 वर्षं झाली तेव्हा ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी चौक रिकामा होता, दोन मुलं सायकली फिरवत होती.

पुलावर वारा बोचत होता. खाली पाणी गढूळ हिरवं, ओढ जबरदस्त. दंतकथेत म्हणतात, बांध सुटून ती काठाकडे येऊ लागली तेव्हा मारेकऱ्याने तिचे लांब केस काठीला गुंडाळून तिला पुन्हा खाली दाबलं. हे मी आईला सांगणार नव्हते, पण सांगून बसले.

गावात तिच्या नावाचा केक मिळतो, बदामाच्या कुरकुरीत थरांमध्ये कॉफीचं क्रीम. मी दोन तुकडे मागवले. आईने ताटली हलकेच माझ्याकडे सरकवली.

“तू खा. मला नाही जायचा आज.”