आमची वाटचाल : मोजा सापडला तिथून पुढं

मी आणि माझा आत्तेभाऊ, दोघंही आधी एका सर्व्हिस सेंटरला टेक्निशियन होतो, तिथं दिवसाला ठरलेल्या व्हिजिट मारायच्या, पार्ट बदलायचा, सही घ्यायची की पुढचं घर. काम येत होतं पण निदान करायला वेळच मिळायचा नाही. म्हणून स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं, फक्त वॉशिंग मशीनचं, फ्रिज एसी काही नाही. सगळे म्हणाले एवढ्यावर भागणार नाही, आणि पहिलं वर्ष खरंच भागत नव्हतं.

त्यात पहिल्याच महिन्यात आमची लाज गेली. एका काकूंची फ्रंट लोड, पाणी ड्रेन होत नाही. फिल्टर उघडला, स्वच्छ. आम्ही म्हटलं पंप गेला, मीटर न लावताच नवीन पंप आणून बसवला आणि मशीन परत तशीच, पोटात पाणी घेऊन गुरगुरत उभी. मग खाली झोपून टबपासून, म्हणजे ड्रमभोवती पाणी धरणाऱ्या बाहेरच्या भांड्यापासून, पंपाकडं येणारा जाड रबरी पाइप काढला तर त्यात लहान मुलाचा मोजा, पिळून दोरीसारखा झालेला. ड्रम आणि गास्केटच्या (दाराभोवतीच्या रबराच्या) फटीतून आत गेलेला असणार. काकू दारात उभ्या, म्हणाल्या, "अरे, एक मोजा सापडत नाही हे मी तुम्हाला आल्या आल्या सांगितलं होतं ना!" सांगितलं होतंच, आम्ही ऐकलंच नव्हतं. पंप परत काढला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून फोन आला की आधी प्रश्न विचारायचे असं ठरवलं आणि खरा धंदा तिथून बदलला, कारण निम्मे फोन बिघाडाचे नसतातच. पाणी भरत नाही म्हणतात तर नळ अर्धवट बंद असतो, नाहीतर मागच्या इनलेट पाइपच्या तोंडाशी जी छोटी जाळी असते ती गाळानं भरलेली असते, नळ बंद करून पाइप सोडायचा, जाळी पक्कडनं हळूच ओढायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, झालं. घर बदललं आणि मशीन स्पिनला नाचायला लागली तर सपाट जागेवर आहे का, चारही पाय टेकतात का ते बघा. नवीकोरी फ्रंट लोड नाचत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का हा पहिला प्रश्न, टब प्रवासात हलू नये म्हणून ते असतात आणि न काढता मशीन चालवली तर शॉकअपची, म्हणजे टबचे हादरे झेलणाऱ्या दांड्यांची, वाट लागते.

सगळ्यात गमतीची कम्प्लेंट म्हणजे मशीन पाणी घेतच राहते आणि धुणं सुरूच होत नाही. लोक म्हणतात कार्ड गेलं, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. बघावं तर ड्रेन पाइप जमिनीवर लोळतोय, एकीकडून भरतंय आणि दुसरीकडून आपोआप वाहून जातंय. पाइपचं तोंड साधारण 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर पाहिजे, नेमकं किती ते मॅन्युअलमध्ये असतं, तेवढं केलं की कार्ड "दुरुस्त" होतं.

आत्तेभाऊ चिडायचा, असं फोनवर फुकट सांगत बसलास तर आपण खायचं काय? त्याचं चुकत नव्हतं, दोन-तीन महिने व्हिजिट कमी झाल्याच. पण तीच माणसं पुढं मोठ्या कामाला आमच्याकडंच आली, आणि मोठं काम म्हणजे बेअरिंग, ज्याच्यावर ड्रम फिरतो ते.

स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येतो, रिकामा ड्रम हातानं फिरवला की खरखर, वर उचलून बघितला तर हलतो. बेअरिंग एकटं मरत नाही हो, आधी ऑइल सील (बेअरिंगकडं पाणी जाऊ न देणारी रबरी रिंग) लीक होतं, साबणाचं पाणी आत जातं, मग गंज, टबच्या मागं तपकिरी ओघळ दिसतो तो हाच. म्हणून आम्ही दोन्ही बेअरिंग आणि सील एकत्रच बदलतो, सीलच्या ओठाला वॉटरप्रूफ ग्रीस. आणि नवीन बेअरिंग टबमधल्या त्याच्या खोबणीत बसवताना बाहेरच्या रिंगवरच ठोकायचं, आतल्या रिंगवर ठोकलं की मार गोळ्यांवर बसतो, बेअरिंग नवीन असतानाच खराब. काही टब वेल्ड केलेले येतात, खोलताच येत नाहीत, तिथं अख्खा टब बदलावा लागतो. कंपन्यांनी असं का करावं, मला आजही राग येतो.

फोनवर काय सांगायचं नाही हेही ठरलेलं आहे. मागचं कव्हर उघडायला सांगत नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मशीन बंद, आधी अर्थिंग तपासून घ्या, ते होईपर्यंत धुणं हातानं.

आता आम्ही चौघं आहोत. परवा नव्या पोरानं वर्कशॉपमध्ये खालचा छोटा ड्रेन पाइप न सोडताच फिल्टर एका दमात फिरवून काढला, टबमधलं सगळं पाणी फरशीवर. आत्तेभावानं काही न बोलता त्याच्या हातात पोछा दिला. फिल्टरमधून दोन हेअरपिना आणि एक बटण निघालं, ते डब्यात टाकलंय, मालकीणबाई मशीन न्यायला आल्या की देऊ.